आमच्या मैदानातला जवान घरी यायचा

पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत मी वाढले आणि लग्नानंतरही इथेच राहिले, माहेरापासून दोन ओळी सोडून. वडील कारखान्यात गव्हाणीवर होते, म्हणजे उसाच्या मोळ्या जिथून आत जातात तिथे. नवरा शेती विभागात आहे आणि मी शाळेच्या कार्यालयात काम करते. वसाहतीत काही कार्यक्रम असला की खुर्च्या, माईक, चहा आणि पाहुण्यांना आणायला गाडी हे बघायला मला बोलावतात. त्यामुळे सव्वीस जानेवारीचा सिनेमा हाही गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

हा सिनेमा आमच्याकडची जुनी पद्धत. जानेवारीत गाळप जोरात असतं, मळीचा वास घराघरांत भरलेला असतो आणि ऊसतोडीची माणसं मोलगीकडून, वर डोंगरातून येऊन कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या करून राहिलेली असतात. मी शाळेत होते तेव्हा दिवस मावळला की मैदानात दोन बांबू रोवून पडदा बांधायचे. पुरुष पुढे बसायचे, बायका बाजूला. आम्ही मुलं पडद्याच्या मागे जायचो, कारण तिथे गर्दी नसायची. तिथून चित्र उलटं दिसायचं. आमचे सगळे जवान डाव्या हाताने सलाम ठोकायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

प्रोजेक्टर चालवायचे वायरमन काका. कारखान्यातले वायरमन, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणायचे. रिळांचे डबे धुळ्याहून एसटीच्या टपावरून यायचे. सव्वीस जानेवारीला सिनेमा युद्धाचाच हवा असा कारखान्याचा आग्रह असायचा, आणि स्वस्तात मिळणारा युद्धाचा सिनेमा बहुधा एकच असायचा.

एका वर्षी माझ्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. भाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा, फौजेत होता. लग्नासाठी मिळालेली सुट्टी संपवून तो उत्तरेकडे कुठेतरी गेला. कुठे ते पत्रात लिहायची मुभा नव्हती. वहिनी आमच्या घरी. ती तापीकाठच्या गावातली, शेतकरी घरातली, बोलायला कमी आणि कामाला पुढे. मी तिच्या पाठी पाठी असायचे. ती रोज पोस्टमनच्या वेळेला दारातली रांगोळी नीट करायची. आधी घातलेलीच रांगोळी पुन्हा.

सिनेमाला आम्ही सगळे गेलो. त्यातला जवान शेतकऱ्याचा मुलगा होता. पलटणीत गेला, मित्र झाले, थंडीत कुडकुडला, लढाई लागल्यावर घाबरला आणि तसाच लढला. एका प्रसंगात समोरच्या बाजूचा एक जखमी शिपाई पाणी मागतो आणि आपला जवान त्याला पाणी देतो. शेवटी टेकडीवर त्याला गोळी लागते आणि तो पडतो. मैदानात बायकांचे पदर डोळ्यांना लागले. आणि लगेच पुढच्या रिळात तोच जवान, ट्रंक डोक्यावर घेऊन गावच्या वाटेने चालत आला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बायको दाराआडून बघत राहिली, तो हातपाय धुऊन जेवायला बसला. आईने ताटात दुसरी भाकरी वाढली आणि पडदा पांढरा झाला. सिनेमा संपला.

झालं होतं असं की डब्यांवरचे आकड्यांचे कागद प्रवासात निघून गेले होते. जवान मधे सुट्टीवर घरी येतो ते रीळ वायरमन काकांनी शेवटी लावलं. मधला भाग गायब आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ऊसतोडीच्या माणसांना तर हिंदी फारसं कळायचं नाही, ती आपसांत त्यांच्या पावरी, भिली बोलींत बोलत बघायची, आणि त्यांना ही गोष्ट अगदी सरळ वाटली. माणूस कामाला लांब गेला, त्याला लागलं, बरा झाला, हंगाम संपल्यावर घरी आला. त्यांचंही दरवर्षी तसंच होतं.

काकांना दुसऱ्या दिवशी चूक समजली. ते नळावर तोंड लपवत आले तर बायकांनी सिनेमा चांगला होता म्हणून त्यांना सांगितलं. वहिनीने मात्र त्या दिवशी पुन्हा रांगोळी घातली नाही. एकदाच घातली आणि कामाला लागली.

पुढच्या वर्षी तोच सिनेमा पुन्हा आला. काका आमच्या घरी येऊन वडिलांना म्हणाले की यंदा डब्यांवर मी खडूने आकडे टाकले आहेत, यंदा बरोबर लावतो. वडील हो म्हणायच्या बेतात होते. स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती तोवर कधी मोठ्याने बोललेली नव्हती.

"मागला सालनागतच लावा, काका."

मागच्या वर्षीसारखाच लावा. काकांनी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी मान हलवली. तिथून पुढे तो सिनेमा जितक्या वेळा आला तितक्या वेळा जवान घरी येऊनच संपला. सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं आणि कुणी तक्रार केली नाही. पुढे एका रविवारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला, जवान पडला आणि तिथेच सिनेमा संपला, तेव्हा वसाहतीतली पोरं ओरडायला लागली की टीव्हीवाल्यांनी रीळ चुकवलं.

भाऊ सुट्टीवर आला तेव्हा आम्ही त्याला हे सांगितलं. तो खूप हसला. मग वहिनी आत गेल्यावर मला म्हणाला की आम्हीही पत्रात तेच करतो, मधलं रीळ शेवटी लावतो. त्याच्या पत्रांत जेवण, थंडी आणि मित्राच्या लग्नाची हकीकत याखेरीज काही नसायचं.

भाऊ सुखरूप निवृत्त झाला. तोपर्यंत घरोघर टीव्ही आले होते आणि डोंगरातली एक लढाई लोकांनी जेवताना बघितली होती. झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्या पहिल्यांदाच आमच्या घरांत आल्या, पडद्यावर का होईना. त्यानंतरचे सिनेमे वेगळे होते. मैदानात आता मोठा पडदा आणि भाड्याचे स्पीकर. त्यातले जवान समोरच्याला शिव्या देत, छाती पुढे काढून बोलत. पहिली शिवी आली की शिट्ट्या पडायच्या. मीही टाळ्या वाजवल्या, आवडलं होतं म्हणून वाजवल्या. पेट्या बघून सगळ्यांच्याच मनात राग साठला होता आणि तो कुठेतरी काढायला हवा होता. समोरचा शिपाई आता पाणी मागत नव्हता. त्याला चेहराही नसायचा, नुसती दाढी आणि ओरडणं.

अशाच एका सिनेमाला भाऊ माझ्या शेजारी बसला होता. मध्यंतरात मी त्याला विचारलं, कसा आहे. तो शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरत म्हणाला, "बरा आहे. आमच्या वेळच्या सिनेमात जवान घाबरायचे. ह्यांना कुणाला भीतीच वाटत नाही."

मी ते विनोदावारी नेलं.

त्याचा मुलगा म्हणजे माझा भाचाही फौजेत गेला. त्याला कुणी ढकललं नाही आणि कुणी अडवलंही नाही. शहाद्याला धावण्याचा सराव करायचा, भरतीला गेला आणि निवडला गेला. त्याच्याबरोबर धावायला जाणारा शेजारचा मुलगा मात्र छातीच्या मापात राहून गेला. तो पुढे शिकला, आमच्याच कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला आणि आता वसाहतीच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. दोघांची दोस्ती इतकी की एकाच्या घरी भाजी चांगली झाली की दुसरा तिथे जेवायचा. वहिनीला तो काकू म्हणतो, मला मावशी.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव होता. भाच्याची पलटण तिकडेच आणि त्याचा फोन बंद. वहिनीच्या घरी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण दारातूनच सांगायचा की आम्हाला तुमचा अभिमान आहे, तुम्ही भाग्यवान. मोबाईलवर लढाईच्या चित्रफिती दाखवायचे, त्यातली एक तर संगणकाच्या खेळातली निघाली. अध्यक्ष रोज आपल्या स्टेटसला नव्या सिनेमातली आरोळी ठेवायचा आणि दारात आला की "जय हिंद, काकू" म्हणायचा. वहिनी सगळ्यांना बसा म्हणायची, हसायची. भाऊ अंगणात पंप दुरुस्त करत बसायचा, जो बिघडलेला नव्हता. मी संध्याकाळी जायचे. माणसं गेली की वहिनी माझ्यासमोर खाली बसायची. एकदा मला म्हणाली की हे सगळे इतके खूश असताना मी कुणापुढे रडू.

फोन आला, भाचा ठीक होता. पण वहिनीची झोप परत आली नाही. जानेवारीत त्याची सुट्टी ठरली होती ती पुढे ढकलली गेली आणि फोन पुन्हा तुटक लागायला लागले. त्याच सुमारास सव्वीस जानेवारीची बैठक झाली.

बैठकीत अध्यक्षाने दोन गोष्टी मांडल्या. यंदा सिनेमा सभागृहात, दुपारी, नवा, मोठ्या आवाजाचा. आणि त्याआधी भाऊ आणि वहिनीचा सत्कार, शाल-श्रीफळ, मग वहिनीने दोन शब्द बोलायचे. सगळ्यांनी हो म्हटलं. मी सिनेमा आधी बघून घेतला, ते माझं नेहमीचंच आहे, मधे काही वावगं निघू नये म्हणून. चांगला बनवला होता. लढाई सगळी मोठ्या पडद्यांच्या खोलीत बसून ठरते. शत्रूचं नाव दर दोन वाक्यांना येतं. मला खटकलं ते दुसरंच. आमच्या जुन्या सिनेमात अर्धा वेळ घर असायचं. त्याची विहीर, बैल, उधळलेली म्हैस, बहिणीचं रुसणं. या सिनेमात घर एवढंच की नायकाच्या फोनवर बायकोचा चेहरा क्षणभर दिसतो आणि रेंज जाते. शेवटी पेटी गावात येते आणि आई पुढे होऊन कडक सलाम करते. तिच्या डोळ्यांत पाणी नाही. संगीत चढतं. थिएटरात ह्या जागी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात असं मला अध्यक्षाने आधीच सांगितलं होतं.

त्या टाळ्यांमध्ये माझी वहिनी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलेली असणार होती. आणि तिनेही पडद्यावरच्या आईसारखंच कोरड्या डोळ्यांनी असावं अशी साऱ्यांची अपेक्षा असणार होती.

मी सरळ अध्यक्षाकडे गेले. म्हटलं, शेवटची वीस मिनिटं काप, तुला लॅपटॉपवर येतं, कुणी तक्रार करणार नाही, पूर्वी आपण केलंच आहे. त्याला रिळांची गोष्ट त्याच्या आजीकडून माहीत होती. तो थोडा नाराज झाला, म्हणाला शेवटच तर खरा आहे. पण काकूंसाठी कापतो, म्हणाला.

मग मी वहिनीला सांगायला गेले. ती शेंगा निवडत होती. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि म्हणाली की नको. रिळांच्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, तिला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पडद्यावर जवान घरी आला आणि तेवढ्यावर तिला झोप लागली. आता शेवट कापला तरी तिला तो माहीत आहे. सिनेमा आहे तसा लावा, फक्त बोलायचं ते मी आधी बोलते, म्हणाली. काय बोलणार ते मी विचारलं. ती म्हणाली, "माले तरी कोठे माहीत शे."

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं, दुपारी सभागृह भरलं. सत्काराला भाऊ नव्या सदऱ्यात अवघडून उभा. अध्यक्षाने वहिनीची ओळख करून देताना वीरमाता वगैरे म्हटलं, देशाला असा मुलगा देणारी माता म्हटलं. टाळ्या झाल्या. वहिनीच्या हातात माईक दिला. तिने तो तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे तिचा श्वास आधी सगळ्यांना ऐकू आला. मी पुढे होऊन माईक थोडा खाली केला.

"मन्हा पोऱ्या तठे शे," ती म्हणाली. "माले त्याना अभिमान शे. पन मी त्याले देयेल नही. तो नोकरीले जायेल शे, तो घर येवाले जोयजे."

कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि थांबलं. मी मुलगा दिलेला नाही, तो नोकरीला गेलाय आणि घरी यायला पाहिजे, एवढं साधं होतं ते, पण त्या सभागृहात तसं कुणी बोललं नव्हतं.

"माले भीती वाटस," ती पुढे म्हणाली. "रोज वाटस. तुम्ही घर येतस, अभिमान शे म्हनतस, मी हासस. आते येशात तं पयले इचारा, फोन उना का. बस."

आलात तर आधी फोन आला का ते विचारा, एवढं सांगून तिने माईक माझ्याकडे दिला, एखादं भांडं परत करावं तसा, आणि जागेवर जाऊन बसली. भाऊ खाली मान घालून शालीची झालर सरळ करत होता. अध्यक्ष लॅपटॉपपाशी उभा होता. पुढचा क्रम सिनेमाचा होता आणि तो सुरू करायला त्याला जरा वेळ लागला.

सिनेमा पूर्ण झाला. सुरुवातीला शिट्ट्या कमी होत्या, लढाई तापली तशा वाढल्या, ते मी लपवत नाही. सिनेमा चांगलाच बांधलेला आहे. भावाने पाणी मागितलं, मी बाटली दिली. शेवटी पेटी आली. आई पुढे झाली, सलाम केला, संगीत चढलं. मागच्या रांगेत काही जण सवयीने उठले. मग पुढच्या कुणी उठत नाही हे बघून उभेच राहिले, टाळ्या न वाजवता, आणि हळूहळू खाली बसले. वहिनीच्या शेजारी कारखान्यातल्या एका ट्रॅक्टरवाल्याची आई होती, तिने आपला हात वहिनीच्या मांडीवर ठेवला होता. वहिनी रडत होती, उघड, पदर न लावता. त्या पडद्यावरच्या आईच्या ऐवजी रडल्यासारखी.

दिवे लागल्यावर मी खुर्च्या मोजायच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीकडे होते. शाल घडी करून तिने कपाटात ठेवली होती. बाहेर मोटारसायकल थांबली. अध्यक्ष कामावर जाता जाता आला होता, डोक्यावर हेल्मेट तसंच. दारात तो थांबला. जय हिंद म्हणाला नाही.

"काकू, फोन उना का?"

"नही," वहिनी म्हणाली. "बस."

तो बसला. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. बराच वेळ त्याने त्याची काच पुसली. मग मान वर न करता म्हणाला की उन्हाळ्यातही त्याला झोप लागायची नाही. ती स्टेटसं तो रात्री जागा असताना ठेवायचा, कारण दुसरं करण्यासारखं काही हातात नसायचं. घरी सांगायची लाज वाटायची, मंडळात तर शक्यच नव्हतं. मित्र तिकडे आहे आणि मी इथे साखरेच्या पोत्यांत, असं त्याच्या मनात यायचं.

"मंग तू काय करस?" वहिनीने विचारलं.

"सकायले उठनू का त्यानं नाव काढस. खाले लिखेल ऱ्हास, शेवटला कव्हय फोन देखना ते. तेवढं देखस आनि कामले जास."

वहिनीला हे माहीतच नव्हतं. तिला फोन घ्यायचा आणि ठेवायचा एवढंच येतं. ती त्याच्या शेजारी सरकली, चष्मा लावला.

"माले दखाड."

त्याने व्हॉट्सॲपवर भाच्याचं नाव काढलं आणि तो शेवटचा कधी फोनवर होता ते सांगणाऱ्या खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. काल सायंकाळची वेळ होती. वहिनीने ती स्वतःच्या तोंडाने वाचली, मग पुन्हा वाचली. म्हणजे काल सायंकाळी तो होता, फोन हातात होता, अंगठा फिरवत होता. तिने तिचा फोन आणायला सांगितला आणि त्याने तिच्या फोनवर ते कसं काढायचं ते दाखवलं. दोनदा चुकून तिने भलतंच उघडलं, एकदा तर चुलत दिराला फोन लागला. तो न रागावता पुन्हा सुरुवातीपासून दाखवत राहिला. त्याची कामावर जायची वेळ टळून गेली होती, ते मला दिसत होतं, पण मी त्याला आठवण केली नाही.

तिसऱ्या खेपेला तिचं तिला जमलं. बोट काचेवरच ठेवून ती थांबली. आम्ही तिघंही त्या एका ओळीकडे बघत होतो. मग नाव तसंच राहून खालची अक्षरं बदलली आणि तो आत्ता, या क्षणी तिकडे आहे असं दिसलं. वहिनीने काही लिहिलं नाही. तिला फोनवर लिहिता येत नाही आणि त्याला उगाच कामात अडवायचं तिच्या मनात नव्हतं. ती नुसती बघत राहिली, तो आहे तोवर.